सचिवांनी शहर सोडण्याबाबत

सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला दिगंबरने स्कूटर ‘अनुबंध’ सोसायटीच्या फाटकातून आत घेतली, तेव्हा सूचनाफलकासमोर सात माणसं उभी होती. त्याला वाटलं, कोणीतरी गेलं. वारज्यातल्या ह्या छप्पन्न फ्लॅटच्या सोसायटीचा तो नऊ वर्षं सचिव होता, आणि नऊ वर्षांत आपण लावलेल्या एकाही सूचनेसमोर दोनपेक्षा जास्त माणसं थांबलेली त्याने पाहिली नव्हती. पाणी दोन दिवस येणार नाही ही सूचनासुद्धा लोक पाणी गेल्यावर वाचत.

तो जवळ गेला तशी माणसं बाजूला झाली. क्षणभर त्याला ते आदराने झाल्यासारखं वाटलं. मग त्याला कागद दिसला. काचेच्या आत, कुलपामागे, चार टाचण्यांनी ताणून लावलेला, त्याच्याच सुवाच्य अक्षरातला. विषय : मध्यम आकाराच्या शहरात (पुणे) यापुढे राहावे किंवा कसे. संदर्भ : कोइमतूर येथील दोन वर्षांच्या नेमणुकीबाबतचे पत्र. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि जावक क्रमांक. आणि तळाशी, हरकती व सूचना सात दिवसांच्या आत लेखी द्याव्यात, कळावे, आपला विश्वासू, सही.

झालं होतं ते असं. दिगंबर ज्या पंपाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं पंप तपासत होता, त्या कारखान्याने कोइमतूरला दुसरा कारखाना विकत घेतला होता, आणि तिथल्या तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून दोन वर्षं जाता का, असं त्याला विचारलं होतं. नाही म्हटलं तरी चालणार होतं. इथलं टेबल, इथली खुर्ची आणि खिडकीतून दिसणारं भंगाराचं शेड, सगळं निवृत्तीपर्यंत तसंच राहणार होतं. उत्तर शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं. दिगंबर बावन्न वर्षांचा होता. जन्म बुधवार पेठेत, शाळा चालत सहा मिनिटांवर, कॉलेज सायकलने पंधरा, नोकरी स्कूटरने पूर्वी पंचवीस आणि आता सव्वा तास. मधे चार महिने तो चिंचवडला भाड्याने राहिला होता, पण त्याला परगाव फक्त त्याची आई म्हणायची.

पत्र आल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना तो दोनदा उठायचा आणि कशाला उठलो ते विसरून परत बसायचा. कारखान्यात जायचे चार रस्ते होते. तो रोज वेगळ्या रस्त्याने जाऊन पाहत होता, आणि चारही रस्ते त्याला त्याच वेळेला पोचवत होते. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी तर त्याने कपाट पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकवलं, मग परत पूर्वेला, आणि मग स्कूटर काढून थेट वाघोलीला गेला. शहराच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला. तिथे न बांधलेल्या इमारतींची मोठमोठी चित्रं पाहिली, एक चहा घेतला आणि परत आला. साडेतीन तास गेले. त्याच्या बायकोने, सुरुचीने, विचारलं की वाघोलीत काय होतं. काही नाही, असं तो म्हणाला.

“मग ठीक आहे,” सुरुची म्हणाली. “मला वाटलं, काही सापडलं म्हणून वेळ लागला.”

सुरुची एका पॅथॉलॉजी लॅबची प्रमुख होती. पुरावा असल्याशिवाय ती मत देत नसे, आणि पुरावा असला तर विचारल्याशिवाय देत नसे. कोइमतूरबद्दल त्याने तिला तीन वेळा विचारलं होतं. तिने तिन्ही वेळा एकच सांगितलं होतं. तिची लॅब सोडून ती येणार नाही, त्याच्या आईकडे ती बघेल, पण जा किंवा राहा ह्यातला एकही शब्द ती तोंडातून काढणार नाही. “मी काहीही म्हटलं तरी पुढची वीस वर्षं मलाच ऐकायला लागेल,” हे कारण तिने चौथ्यांदा न विचारताच दिलं होतं.

तेव्हा त्याच रविवारी संध्याकाळी दिगंबर कागद घेऊन बसला. माणसाने विचार कागदावर मांडावा, म्हणजे तो संपतो, अशी त्याची धारणा होती. मधोमध रेघ मारली. फायद्यांत पहिलं लिहिलं, हवा, आणि प्रामाणिकपणाने पुढे कंसात, पूर्वी. दुसरं, भांडण स्वतःच्या भाषेत करता येते. तिसरं, पोट दुखले की नेमके काय खाल्ले असणार हे न विचारता ओळखणारे डॉक्टर. तोट्यांत लिहिलं की शहर इतकं मोठं झालं आहे की कुठेही वेळेवर पोचता येत नाही, आणि इतकं लहान राहिलं आहे की का पोचला नाहीत हे सर्वांना कळतं. चौथ्या क्रमांकावर तो अडखळला. फायद्यांत लिहिलं : आई बारा किलोमीटरवर आहे. मग पुष्कळ वेळ पेन हातात धरून समोर पाहत राहिला, आणि तोट्यांत चौथ्या क्रमांकावर लिहिलं : आई बारा किलोमीटरवर आहे. सहाव्या तोट्यात दोनच शब्द होते. बावन्न वर्षे. त्याच्यापुढे काही सुचेना. खाली पाव पान कोरं राहिलं, आणि नऊ वर्षांच्या सवयीने हात कोऱ्या जागेत आपोआप चालू लागला. हरकती व सूचना, सात दिवस, कळावे. जावक क्रमांकसुद्धा त्याने वहीत बघून बरोबर पुढचा टाकला.

सोमवारी सकाळी टँकरच्या नोंदवहीवर सही करताना तो कागद त्याच्या फाइलीतून फाटकाजवळच्या टेबलावर राहिला. आणि टेबलावर बद्रीनाथ होता.

बद्रीनाथ सोसायटीचा वॉचमन. वाशीमकडचा, चाळिशीचा, सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करणारा. दिगंबरने त्याला संध्याकाळी फलकापासून दूर नेऊन, आवाज न चढवता विचारलं की हे कसं झालं.

“तुमच्या हातचा कागद दिसला का लावाचा, असं तुमीच सांगतलं होतं ना साहेब,” बद्रीनाथ म्हणाला. “नंबर पायला. सही पायली. अध्यक्षसाहेबांकडून किल्ली आनली, लावून टाकला. मंग वाचला.” त्याने फलकाकडे पाहिलं. “चांगलं लिवलं हाये. मायबद्दल तं लय बरोबर लिवलं. माही साडेचारशे किलोमीटरवर हाये, तरी दोनी बाजूनं लिवता येते.”

कागद काढणं शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पार्किंगच्या वादात कोणीतरी सूचना फाडल्या होत्या, तेव्हा दिगंबरनेच नियम करून घेतला होता की लावलेली सूचना सात दिवस काढायची नाही, आणि काढायचीच झाली तर कमिटीच्या ठरावाने. कुलपाची किल्लीही त्यानेच अध्यक्षांकडे दिली होती, सचिवाने मनमानी करू नये म्हणून. अध्यक्ष महिपतीकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि नियमाबाहेर त्यांनी कालव्याचं दारसुद्धा कधी उघडलं नव्हतं. दिगंबर किल्ली मागायला गेला तेव्हा त्यांनी चहा दिला, नियमाची मूळ प्रत काढून त्याच्याच अक्षरात त्यालाच वाचायला दिली आणि म्हणाले, गुरुवारी कमिटीची मासिक सभा आहेच, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.

गुरुवारपर्यंत अकरा लेखी हरकती आल्या. दिगंबरने त्या रीतसर आवक वहीत चढवल्या. दुसरं काय करणार. पहिल्या फायद्यावर, म्हणजे हवेवर, बी विंगमधून हरकत होती की ए विंगच्या बेकायदा ग्रिलमुळे हवा बी विंगपर्यंत पोचतच नाही, तरी हा फायदा फक्त ए विंगपुरता मर्यादित करावा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने कळवलं होतं की बाकी मजकूर समाधानकारक आहे, पण पुण्याला मध्यम आकाराचं म्हणणं ही बदनामी आहे. त्याच मजल्यावरून दुसरी हरकत होती की पुण्याला शहर म्हणणंच अतिशयोक्ती आहे. एकाने तोट्यांत पुलाखालचा सिग्नल घालावा असं सुचवून सोबत नकाशा जोडला होता. एका हरकतीत कोइमतूरचा उल्लेख होता. दिगंबर तिथे थांबला. लिहिलं होतं की माझा भाचा तिथे दोन वर्षं होता आणि त्याला इडलीचा कंटाळा आला, माहितीसाठी सादर.

अकरापैकी एकाही हरकतीत जाऊ नका, असं लिहिलेलं नव्हतं. दिगंबरने त्या सगळ्या दुसऱ्यांदा वाचल्या. मग पाठकोरी बाजूही पाहिली.

गुरुवारी साडेसातला कमिटी जमली. नऊपैकी आठ हजर. इतकी हजेरी लिफ्ट पडली तेव्हाही नव्हती. सचिव म्हणून इतिवृत्त दिगंबरलाच लिहायचं होतं, त्यामुळे जे कोणी बोलत होतं ते त्याला खाली मान घालून नुसतं उतरून घ्यावं लागत होतं. पहिली चाळीस मिनिटं पुणं मध्यम आहे की मोठं ह्यावर गेली. महिपतीकाकांचं म्हणणं पडलं की मोठं शहर ते, जिथे शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. त्यावर कोणीतरी म्हणालं की तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं नाव कोणालाच माहीत नाही. तो जेवायला कोणाकडे जातो हे मात्र सर्वांना माहीत होतं. ह्यावरून पुणं मध्यम आहे असं सर्वानुमते ठरलं, आणि दिगंबरने ते लिहून घेतलं.

मग सहावा तोटा निघाला. बावन्न वर्षे म्हणजे काय, हे स्पष्ट होत नाही, असं एका सभासदाचं म्हणणं होतं. सचिवांनी खुलासा करावा. दिगंबरने पेन खाली ठेवलं. त्याला सांगायचं होतं की पंप तपासताना तो बादलीभर पाणी त्याच नळीतून फिरून परत त्याच बादलीत येताना रोज बघतो, आणि हल्ली ते बघताना त्याला घाम फुटतो. पण सात माणसं खुलाशासाठी थांबलेली पाहून तो म्हणाला, “माझं वय आहे.” हे सर्वांना पटलं. तोट्यात ते का, असं कोणी विचारलं नाही. सभेतले निम्मे लोक साठीच्या पुढचे होते.

केयूर तेवढा बत्तिशीचा. आयटीत होता, स्वतःचा फ्लॅट होता आणि कमिटीत तरुण रक्त हवं म्हणून घेतलेला होता. “काका, ऑनेस्टली, तुम्ही जायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “ग्रोथवाइज. लोक फिफ्टी-टूला करिअर रीसेट करतात हल्ली. इट्स अ थिंग.” दिगंबरने मान वर केली. चार दिवसांत त्याच्या जाण्याबद्दल, जाणं म्हणून, बोललेलं हे पहिलं माणूस होतं. “आणि बाय द वे,” केयूर म्हणाला, “ते तुमचं कव्हर्ड पार्किंग दोन वर्षं रिकामंच राहणार, तर... म्हणजे काकू कार चालवत नसतील तर.” काकू त्याच्यापेक्षा बरी कार चालवते, हे दिगंबरने शांतपणे सांगितलं, आणि इतिवृत्तातही घातलं.

ह्यानंतर महिपतीकाकांनी खरा प्रश्न मांडला. सचिव गेले तर सचिव कोण. एकाची बायपास झाली होती. एकीची मुलगी बाळंतपणाला येणार होती. केयूरचा सगळा दिवस कॉलवर जात होता. एकाने नम्रपणे सांगितलं की त्याचं अक्षर वाईट आहे, आणि ते सिद्ध करायला खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. सव्वानऊला ठराव आला : सचिवांनी किमान पुढील दोन वार्षिक सभांपर्यंत शहर सोडू नये. सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर. विरुद्ध मत केयूरचं. दिगंबर तटस्थ राहिला, कारण विषयात त्याचा हितसंबंध होता.

जिना चढताना त्याला आधी बरं वाटलं. सहा माणसांनी हात वर करून त्याला अडवलं होतं. बावन्न वर्षांत एवढ्या जणांनी एका वेळी त्याला कशापासूनच अडवलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या लक्षात आलं की उद्या त्याच्याजागी सुवाच्य अक्षराचं यंत्र बसवलं तर हेच सहा हात त्याला स्टेशनवर पोचवायला येतील. किंवा तेही नाही. स्टेशनपर्यंत सव्वा तास लागतो. तिसऱ्या मजल्यावर तो उभा राहिला, परत दोन मजले खाली उतरला, काही कारण नव्हतं म्हणून पुन्हा चढला.

घरात शिरल्यावर त्याने सुरुचीला ठरावाचं सांगितलं. ती इस्त्री करत होती. “मग झालंच की,” ती म्हणाली, “ठराव आहे तुमच्याकडे. आता जन्मभर दाखवता येईल.” ती हसत नव्हती. तिने शर्ट उलटा केला आणि कॉलरवर इस्त्री फिरवली.

शुक्रवारी कारखाना सुटल्यावर तो आईकडे गेला. मंदाकिनीबाई एकोणऐंशीच्या होत्या आणि बुधवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहत, स्वतःच्या हट्टाने. त्यांच्या इमारतीच्या खाली रिमोट, चार्जर आणि वायरी विकणारी नऊ दुकानं होती, आणि त्यांचा टीव्ही शहरात सर्वांत लवकर दुरुस्त होई. दिगंबरने त्यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. कसं सांगायचं हे तो कर्वे रस्त्यावर ठरवणार होता, पण रस्त्यावर त्याने स्कूटर पुढे ढकलण्यापलीकडे काही ठरवलं नाही. एक तास दहा मिनिटं लागली.

बातमीला वारज्याहून बुधवार पेठेत यायला सोमवारी अकरा मिनिटं लागली होती. खालच्या रिमोटवाल्याचा मेहुणा बी विंगमध्ये राहत होता. आईने दार उघडलं, बस म्हणाली, आणि चष्मा लावून टेबलावरची वही पुढे ओढली. तिने तो सगळा कागद दुकानदाराच्या मोबाइलवरून भिंगाने वाचून वहीत उतरवून घेतला होता. दोन्ही रकाने, रेघेसकट.

“डॉक्टर तिसरे आणि मी चौथी,” ती म्हणाली.

दिगंबर म्हणाला की तो क्रम महत्त्वाचा नव्हता, जसं सुचलं तसं लिहिलं.

“तेच म्हणते मी.” तिने पान जरा लांब धरलं. “आणि बारा किलोमीटर कुठून आणलंस? नऊ आहे.”

“बारा आहे, आई. मी रोज स्कूटर चालवतो.”

“तू गल्ल्याबोळांतून येतोस, सिग्नल चुकवत. सरळ आलं की नऊ. रिक्षाच्या मीटरवर बघितलंय मी.”

त्याच्या माहितीप्रमाणे ती वारज्याला शेवटची आली होती ती मागच्या दिवाळीत, आणि तेव्हा त्यानेच तिला कारने नेलं होतं. कधी आली होतीस, असं त्याने विचारलं. तिने फार काही न झाल्यासारखं सांगितलं. चैत्रात एकदा, आणि मग श्रावणात. कैरीची डाळ केली होती, म्हटलं देऊन यावी. दोघंही कामावर असणार हे तिच्या तिथे गेल्यावर ध्यानात आलं. वॉचमनने खुर्ची दिली, पाणी दिलं, त्याची आई वाशीमला असते ते सांगितलं. डाळ त्यालाच दिली. तासभर बसली, परत आली. श्रावणातही तसंच. त्याला बजावून ठेवलं होतं, साहेबांना सांगायचं नाही.

“फोन का नाही केलास?”

“केला असता तर आला असतास. धावत. आणि मग संध्याकाळपर्यंत अर्धी रजा गेल्याचं तोंड करून बसला असतास.” तिने वही मिटली. “आई साडेचारशे किलोमीटरवर असली की माणूस रजा काढून येतो. खालच्या मजल्यावर असली की येता-जाता डोकावतो. नऊ किलोमीटर हे अंतरच वाईट. ह्यात कोणाची चूक नाही.”

खाली कोणीतरी स्पीकर चालू आहे का ते बघत होतं. एकच ओळ वाजायची, तुटायची, पुन्हा वाजायची. दिगंबर उठून खिडकीपाशी गेला, परत खुर्चीत बसला, खुर्ची सोडून पलंगावर बसला. त्याने सांगितलं की सोसायटीने ठराव केला आहे, जाऊ नका म्हणून. सुरुची काहीच बोलत नाही. उद्या बारापर्यंत उत्तर द्यायचं आहे. दोन वर्षांचाच प्रश्न आहे तसा. पण आईचं वय बघता त्याला वाटतं की... त्याला काय वाटतं ते वाक्य त्याने तिच्याकडे बघत पूर्ण केलं नाही.

“तुला मी अडवायला हवी आहे,” आई म्हणाली.

“तसं नाही.”

“तसंच आहे. कागदावर चौथी जागा माझीच आहे दोन्हीकडे. मी म्हटलं राहा, की एक बाजू खोडायची, झालं.” आवाज चढवण्याची तिला सवय नव्हती. ती फक्त शब्द सुटे करून बोलायची. “तुझ्या वडिलांना भिलाईहून बोलावणं आलं होतं. ऐंशी साली. चांगली जागा होती. तू सहा-सात वर्षांचा. मी म्हटलं, इथलं सोडून कुठे जायचं त्या धुरात. ते राहिले. माझ्यावर कधी रागावले नाहीत. पण त्यानंतर तेवीस वर्षं, भाजीत मीठ कमी पडलं तरी ते म्हणायचे, भिलाईला काय भाज्या मिळत असतील कोणास ठाऊक. तेवीस वर्षं, दिगू. सरळ भांडले असते तर परवडलं असतं. तेव्हापासून मी कोणाला अडवत नाही. हल्ली मला कमी ऐकू येतं, पण टोमणे ऐकू येणार नाहीत इतकं कमी नाही.”

सुरुचीने वीस वर्षं म्हटली होती. ह्या दोघींनी आपसात ठरवलं असणं शक्य नव्हतं. सासू-सुनांचं एवढं एकमत कधी पोळीच्या जाडीवरही झालं नव्हतं. दिगंबरने विचारलं, तू तिथे येशील का, किंवा निदान वारज्याला राहायला येशील का. ती म्हणाली, कशाला, तिथे रिमोट बिघडला तर नऊ किलोमीटर यावं लागेल. मग ती आत गेली आणि वाटीत काहीतरी घेऊन आली. त्याने खाल्लं. काय खाल्लं ते त्याला रस्त्यावर आठवेना.

परत जाताना त्याने गल्ल्या घेतल्या नाहीत. सरळ रस्त्याने गेला. सगळे सिग्नल लागले. घराशी त्याने स्कूटरच्या मीटरवरचा आकडा बघितला. नऊ पूर्णांक दोन दशांश.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी सातपासून तो ह्या खोलीतून त्या खोलीत करत होता. साडेनऊला त्याने ठरवलं की नाही म्हणावं, आणि ठरल्याबरोबर त्याला पुढच्या आठ वर्षांतलं प्रत्येक जेवण दिसलं. आपण सुरुचीसमोर बसलो आहोत आणि सांबाराचा विषय काढतो आहोत. दहाला त्याने ठरवलं की हो म्हणावं, आणि थेट डॉक्टरांकडे जायला म्हणून चपला घातल्या, मग काढल्या. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आदल्या दिवशी काय खाल्लं ते बरोबर सांगितलं असतं. अडवणारं आता कोणी उरलं नव्हतं. ठराव होता, पण तो सचिवाला लागू होता. सचिवपदाचा राजीनामा दिलेल्या माणसाला लागू होता की नाही हे महिपतीकाकांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच दिगंबरसमोर असा विषय होता ज्यावर दुसऱ्या कोणाचीही हरकत नव्हती. हे इतकं भयंकर असतं याची त्याला कल्पना नव्हती.

अकरा पन्नासला त्याने कोइमतूरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी त्याचं उत्तर न विचारताच इंग्रजीत अभिनंदन केलं आणि राहण्याची सोय, स्वयंपाकीण, रविवारची सुट्टी असं सगळं सांगितलं. त्याने विचारलं, शहर कसं आहे. त्या म्हणाल्या, छान आहे सर, फार मोठं नाही, फार लहान नाही. हवा चांगली आहे. म्हणजे पूर्वी आणखी चांगली होती. दिगंबर हो म्हणाला. एक तारखेपासून.

सुरुची दारात उभी होती. किती वेळ ते कळलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि सांगायची गरज नव्हती तरी सांगितलं. ती बरं म्हणाली. मग माळ्याकडे बोट करून म्हणाली की मोठ्या बॅगेचं तुटलेलं चाक तिने बुधवारी बसवून आणलं आहे, चारशे मागत होता, तीनशेत दिलं.

“बुधवारी,” दिगंबर म्हणाला. “सभा गुरुवारी होती.”

“सभेचं काय त्यात. बॅग दुरुस्तच करायची होती.” ती वळली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडं घासल्याचा आवाज आला नाही. नुसतं पाणी वाहत होतं. तो दारापर्यंत गेला. आत जावं की नाही हे त्याला कळेना. नळ बंद झाल्यावर ती बाहेर आली, पदराने हात पुसत, आणि म्हणाली, आईंना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

त्याने आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. त्याने सांगितलं. बरं केलंस, ती म्हणाली, कधी निघायचंय, तिकडे पाऊस असतो का, रविवारी जेवायला ये. एवढं झालं की ती नेहमी फोन ठेवून द्यायची. ठेवते, असं म्हणण्यातही तिने कधी वेळ घालवला नव्हता.

आज तिने ठेवला नाही. पलीकडून खालच्या दुकानांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी वायर किती फूट म्हणून विचारत होतं, आणि तिचा श्वास. दिगंबर बाल्कनीत गेला. आत आला. कपाटापाशी उभा राहिला. परत बाल्कनीत गेला. आता काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते आपणच, हे त्याला कळत होतं.

“आई,” तो म्हणाला, “उद्या किती वाजता येऊ?”

“तू निघ,” ती म्हणाली. “पोचशील तेव्हा पोचशील.”